उंचीचं भांडण, खड्ड्याचा हिशेब

जेद्दामधल्या हजार मीटरहून उंच नियोजित मनोऱ्याचं सात वर्षं थांबलेलं काम जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि आपल्याकडे चर्नी रोडच्या इंडिया टॉवरची आठवण निघाली. १२६ मजले, सुमारे ७०० मीटर उंची, आराखडा फॉस्टर अँड पार्टनर्स या ब्रिटिश वास्तुरचना कंपनीचा. पुरा झाला असता तर त्या वेळी बुर्ज खलिफाच्या खालोखाल जगात दुसरा. २०१० मध्ये काम सुरू झालं, २०११ मध्ये विकासक आणि पालिका यांच्या वादात थांबलं आणि २०१५ मध्ये प्रकल्पच रद्द झाला. त्यावर एक गट अजून हळहळतो: लाल फितीने घात केला, नाहीतर मुंबई आज दुबईच्या पंगतीला बसली असती. दुसरा गट टाळ्या पिटतो: बरं झालं बुडाला, गिरगावातल्या माणसाला त्या काचेच्या सुळक्याचा काय उपयोग होता? पहिल्याला दुसरा करंटा वाटतो, दुसऱ्याला पहिला बिल्डरांचा भाट. इतकी वर्षं हे असंच चाललंय.

मला हे दोघेही भलत्याच प्रश्नावर भांडताना दिसतात. इमारत किती उंच असावी हा अभियांत्रिकीचा, पैशाचा आणि थोडाफार आवडीनिवडीचा प्रश्न आहे. सार्वजनिक प्रश्न निराळा आहे: ती अर्ध्यावर राहिली तर भुर्दंड कोणी सोसायचा? या प्रश्नाचं उत्तर ज्याला कागदावर, पैशांसकट आणि खणायच्या आधी देता येत नाही, त्याला खणू देऊ नये. ज्याला देता येतं त्याने १२६ काय, दोनशे मजले चढवावेत. माझी काही हरकत नाही.

आता उंचीवाल्यांच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. मुंबई तीन बाजूंनी पाण्याने वेढलेली चिंचोळी जीभ आहे, पसरायला जागा नाही, तेव्हा वरच जावं लागणार. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्या चाळीस मजली इमारतींच्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात गेलेल्या माणसाला जाऊन सांगा, उंच इमारती वाईट असतात म्हणून! तेव्हा उंचीला सरसकट नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण याच मुद्द्यावर उंचीवाले एक गफलत करतात. उंची वाढली की माणसं जास्त मावतात असं ते धरून चालतात. किती मावतील हे ठरतं चटईक्षेत्रावर, म्हणजे भूखंडावर सगळे मजले मिळून किती बांधकाम करायची परवानगी आहे, आपल्या रोजच्या भाषेत एफएसआयवर. तेवढ्याच भूखंडावर तेवढंच चटईक्षेत्र घेऊन वीस मजले बांधा की शंभर, वापरायला मिळणारी जागा तीच. उलट शंभर मजल्यांत थोडी कमीच, कारण प्रत्येक मजल्याचा मोठा तुकडा लिफ्ट, जिने, पाइप आणि जाडजूड भिंतींनी खाल्लेला असतो. धारावी जेमतेम अडीच चौरस किलोमीटरची, बहुतेक बांधकाम एक-दोन मजली, आणि तिथे लाखो लोक राहतात. अल्टामाउंट रोडवरची अँटिलिया १७३ मीटर उंच, आणि तिच्यात राहतं एक कुटुंब. घरांची टंचाई दाखवून सातशे मीटरच्या मनोऱ्याची वकिली करणं म्हणजे भुकेल्यांची यादी दाखवून लग्नाच्या मेजवानीची परवानगी मागण्यासारखं आहे. मेजवानी जरूर करा, पण भुकेल्यांचं नाव घेऊ नका.

दुसरी गोष्टही खरी आहे. परवानग्यांचं जंगल खरोखर भयंकर आहे. पालिका, अग्निशमन दल, पर्यावरण, विमानतळ प्राधिकरण, कुठे किनारा नियमन, कुठे वारसा समिती, आणि यांतल्या कोणाचं कोणाशी बोलणं नाही. लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जागेवर वर्ल्ड वन जाहीर झाला तो ११७ मजले आणि ४४२ मीटर उंचीचा. विमानतळ प्राधिकरणाकडून तेवढ्या उंचीला मंजुरी मिळाली नाही आणि इमारत ७६ मजल्यांवर, २८० मीटरवर संपवावी लागली. हळहळणारे हे उदाहरण नेहमी देतात: बघा, नोकरशाहीने १६२ मीटर कापले! मी ते उलट बाजूने वाचतो. विमानं सांताक्रूझला उतरतात हे कोणापासून लपवलेलं नव्हतं. अंतिम उंचीची मंजुरी हातात येण्याआधी ११७ मजल्यांची जाहिरात करायला आणि पाया खणायला कोणत्या नोकरशहाने सांगितलं होतं? आपल्याकडची रीत अशी की आधी खणायचं, मग बांधकाम इतकं पुढे न्यायचं की नाही म्हणायची कोणाची छाती होऊ नये, आणि मग मंजुरी मागायची. निम्म्या वेळा ही युक्ती चालते म्हणून ती युक्ती आहे. नाही चालली की त्याच मंडळींना लाल फीत दिसू लागते. या विशिष्ट इमारतीचं श्रेय मात्र तिला दिलं पाहिजे: खाली येऊन का होईना, ती पुरी झाली, लोक राहायला गेले.

सगळ्यांचं तसं होत नाही. तिथून फार लांब नाही, वरळीला श्रीराम मिलच्या जागेवर पॅले रोयाल उभी आहे. ३२० मीटर. सार्वजनिक वाहनतळ बांधून देण्याच्या बदल्यात मिळणारं जादा चटईक्षेत्र, आगीच्या वेळी थांबायचे आश्रयमजले, अशा मुद्द्यांवरून जनहित याचिका झाली, काम थांबलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, कर्ज थकलं, लिलाव झाला. सांगाडा आकाशाला भिडलेला आणि रात्री खिडक्यांत दिवा नाही, अशी तिने वर्षांमागून वर्षं काढली. याहून जुनं उदाहरण ब्रीच कँडीच्या प्रतिभा इमारतीचं. चटईक्षेत्राच्या घोटाळ्यामुळे ऐंशीच्या दशकात वरचे आठ मजले पाडायची पाळी आली, आणि उरलेली इमारत मुंबईतल्या सगळ्यात महाग रस्त्यांपैकी एकावर काही दशकं नुसती उभी राहिली. बिल्डर चुकला असेल, पालिकेने कायदा पाळला असेल, न्यायालयाने न्याय केला असेल. पण या तिघांच्याही हिशेबात न येणारा चौथा पक्ष म्हणजे ती जागा आणि तिच्या आजूबाजूचं शहर.

काम थांबतं तेव्हा नेमकं काय होतं, हे जवळून बघायला हवं. उंच इमारतीला खोल पाया लागतो आणि मुंबईत थोडं खणलं की पाणी लागतं. म्हणून खड्ड्याच्या कडेने काँक्रीटची भिंत उतरवतात आणि पंप रात्रंदिवस चालू ठेवून पाणी उपसतात. पैसे संपले की सगळ्यात आधी डिझेलची उधारी बंद होते आणि पंप थांबतात. दोन पावसाळ्यांत खड्ड्याचं तळं होतं. कडेची भिंत मुळात तात्पुरत्या भारासाठी असते. आत तळघराचे मजले येतील आणि तिला आधार देतील या हिशेबाने ती बांधलेली असते. ते मजले येतच नाहीत. मग शेजारच्या साठ-सत्तर वर्षांच्या इमारतीच्या जिन्यात तडा दिसतो, सोसायटीचे सेक्रेटरी वॉर्ड ऑफिसात खेटे घालतात, तिथे त्यांना सांगतात की मालक कंपनी दिवाळखोरीत आहे, अर्ज तिकडे करा. वर राहिलेल्या उघड्या सळया गंजतात. पुढे कोणी काम हाती घेतलंच तर आधी त्या तपासण्यात आणि बदलण्यात वेळ जातो. डासांसाठी पालिका नोटीस बजावते, पण ती घ्यायला साइटवर वॉचमनशिवाय कोणी नसतं. आणि पत्र्यांच्या कुंपणावर अजून तेच चित्र: निळं आकाश, हिरवळ, गोरं हसरं कुटुंब.

‘जोखीम घेतल्याशिवाय शहरं घडत नाहीत,’ हा यावरचा सगळ्यात दमदार प्रतिवाद, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ साली उघडली ती ऐन महामंदीत. भाडेकरू मिळेनात, लोक तिला एम्प्टी स्टेट म्हणून हिणवत, आणि नफ्यात यायला तिला जवळजवळ वीस वर्षं लागली. आज तिच्याविना न्यूयॉर्कची कल्पना करता येत नाही. मग अपयशाच्या भीतीने कोणी बांधायचंच नाही का? बांधायचं की. पण एम्पायर स्टेट पुरी झाली होती, तीही साधारण वर्षभरात. रिकाम्या पण पुऱ्या इमारतीत उद्या माणसं येऊ शकतात. अर्धवट सांगाड्यात तीच माणसं आली तर काय होतं ते काराकसने पाहिलं. तिथल्या ४५ मजली तोरे दाविदचं काम १९९४ च्या बँक कोसळण्याच्या धक्क्याने थांबलं, सरकारने ती ताब्यात घेतली आणि तशीच ठेवली. २००७ पासून बेघर कुटुंबं आत शिरली, लिफ्ट नसलेल्या इमारतीत अठ्ठाविसाव्या मजल्यापर्यंत चढून राहू लागली. काही ठिकाणी भिंती नव्हत्या, कठडे नव्हते. २०१४ मध्ये त्यांना बाहेर काढलं. सरकारच्या मालकीच्या इमारतीत सरकारनेच घर न दिलेली माणसं अतिक्रमक ठरली.

जोखमीचा मान ठेवायचा तर ती घेणाऱ्याच्या खिशातूनच गेली पाहिजे. लंडनच्या वेम्बलीत एडवर्ड वॉटकिन नावाच्या रेल्वेसम्राटाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आयफेलला मागे टाकणारा मनोरा बांधायला घेतला होता. पहिल्या टप्प्यापर्यंत, म्हणजे पन्नास मीटरच्या आतच, तो पोहोचला. पाया खचला, पैसे संपले, कंपनी बुडाली, आणि १९०७ पर्यंत सांगाडा पाडून भंगारात गेला. पुढे त्याच जागी वेम्बलीचं स्टेडियम झालं. लोक त्याला वॉटकिनचा मूर्खपणा म्हणून हसले, पण हा मूर्खपणा मला बराच सभ्य वाटतो. नुकसान भागधारकांचं झालं, आणि जागा मोकळी झाली. शिकागोत सांतियागो कालात्रावा या वास्तुरचनाकाराच्या ६१० मीटर उंच स्पायर या मनोऱ्याचं काम २००७ मध्ये सुरू होऊन २००८ च्या मंदीत थांबलं, तेव्हा मागे २३ मीटर खोल गोल खड्डा राहिला. मिशिगन सरोवराच्या काठची मोक्याची जागा, आणि तिथे दुसरी इमारत उभारायला सुरुवात व्हायला २०२४ उजाडलं. अमेरिकेतसुद्धा असं होतं, असं यावर कोणी म्हणेल. होतंच. म्हणूनच ‘आपल्याकडेच सगळं अडतं’ हे रडगाणं खोटं आहे. पण शिकागोच्या त्या खड्ड्यावर हक्क सांगणारा कोणी आधीचा रहिवासी नव्हता. मुंबईत तो बहुधा असतो.

माझ्या मते या वादातली हीच सगळ्यात दुर्लक्षित बाजू, आणि तिला सगळ्यात चांगला दाखला मॉस्कोचा आहे. सोव्हिएत राजवाडा म्हणून ४१५ मीटर उंच इमारत तिथे व्हायची होती, माथ्यावर लेनिनचा शंभर मीटरचा पुतळा. जागा हवी म्हणून ख्रिस्त तारणहाराचं भव्य चर्च ५ डिसेंबर १९३१ रोजी सुरुंग लावून उडवलं. पाया घातला, पोलादी सांगाडा चढू लागला, आणि १९४१ मध्ये जर्मन फौजा आल्यावर तेच पोलाद काढून मॉस्कोच्या बचावासाठी नेलं. युद्धानंतर काम पुन्हा उभं राहिलं नाही. त्या गोल पायाचा १९६० मध्ये उघड्यावरचा पोहण्याचा तलाव केला, तो १९९४ पर्यंत चालला. मग तिथेच २००० पर्यंत पुन्हा चर्च बांधलं. सत्तर वर्षांत मॉस्को जिथून निघालं तिथेच परत आलं. यात एक गोष्ट मात्र ठरल्या वेळेत पुरी झाली, ती म्हणजे पाडकाम. ते नेहमीच होतं.

आपल्याकडे सुरुंग लागत नाहीत, करारनामे लागतात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या आणि सुमारे सहाशे एकर जमिनीचा प्रश्न आला. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी सांगितली होती. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीवर शिक्का मारला. हा निर्णय बरोबर की चूक यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत, त्यात मी भर घालत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्या जमिनीवरचा सार्वजनिक हक्क शहराने सोडला, त्या बदल्यात निदान काहीतरी पुरं व्हावं एवढी अट तरी घालायची होती. गोरेगावच्या पत्राचाळीत ६७२ कुटुंबांनी २००८ च्या करारावर घरं रिकामी केली. विकासकाने त्यांची इमारत अर्धवट टाकली, भाडं देणं बंद केलं, आणि शेवटी म्हाडालाच काम अंगावर घ्यावं लागलं. तो गगनचुंबी प्रकल्प नव्हता, पण क्रम तोच: आधी रहिवासी बाहेर, मग विक्रीची स्वप्नं, मग पैशांचा गोंधळ, मग न्यायालय. बाहेर गेलेल्यांत जे म्हातारे होते त्यांपैकी किती जण परत आले हे कोणत्या अहवालात असतं?

घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा रेरा कायदा आहे की आता, असं इथे हमखास सांगतात. आहे, आणि त्याने फरकही पडला. ग्राहकांकडून घेतलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर खर्च करायचे, ही अट छोटी नाही. पण रेरा मुख्यतः घर विकत घेणाऱ्याचा विचार करतो. पागडीवर राहणारा भाडेकरू, ज्याच्या जिन्याला तडा गेला तो शेजारी, ज्याच्या रस्त्यावर दहा वर्षं पत्रे आहेत तो दुकानदार, यांपैकी ग्राहक कोणीच नाही. अर्धवट सोडलेले उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींचे प्रकल्प म्हाडाला ताब्यात घेता यावेत अशी दुरुस्ती राज्याने केली, २०२२ मध्ये तिला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. चांगलं आहे. पण ती घोडं पळाल्यावर तबेल्याला लावायची कडी आहे. बिल्डरने उधळलेल्या रकमेची भरपाई त्यातही करदात्याच्याच पैशांतून होते.

दुसऱ्या एका धंद्यात हा प्रश्न आपण कधीच ओळखला आहे. खाणमालकाला खाण सुरू करण्याआधी ती बंद कशी करणार याचा आराखडा द्यावा लागतो आणि त्यासाठी आर्थिक हमीही ठेवावी लागते. गोव्यात २०१२ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा पाण्याने भरलेले खड्डे आणि मातीचे डोंगर गावांच्या उशाशी राहिले. त्यावरून ही हमी पुरेशी असते का, यावर भांडता येईल. पण जमीन खणणाऱ्याने ती परत नीट करायची सोय आधी करावी, हे तत्त्व कोणी नाकारत नाही. साखळीला वा डिचोलीला खनिजासाठी खणलं तर हमी, आणि चर्नी रोडला तळघरासाठी खणलं तर फक्त नारळ, हा न्याय कुठला?

अशा अटींनी घरं महाग होतील, ही हरकत मला माहीत आहे. थोडी होतील. पण ज्या इमारतीत घर कोटींच्या पटीत विकायचं आहे, तिथे खड्डा बुजवण्याची, सांगाडा सुरक्षित करण्याची किंवा आधीच्या रहिवाशांच्या दोन-तीन वर्षांच्या भाड्याची बँक हमी हा खर्च नगण्य ठरतो. ज्याला तो जड जातो, त्याला १२० मजले झेपणार होते हे कशावरून? चीनमध्येही हेच कोडं दिसलं. त्यांच्या त्येनत्सिनमधली ५९७ मीटरची गोल्डिन फायनान्स इमारत २०१५ मध्ये माथ्यापर्यंत पोहोचली आणि तशीच रिकामी राहिली. २०२१ मध्ये सरकारने ५०० मीटरच्या पुढच्या इमारतींवर बंदीच घातली. मी तशी बंदी मागत नाही. बंदी ही हिशेब टाळायची सोपी पद्धत आहे आणि आपल्याकडे तिला पळवाटाही लगेच सापडतात.

जेद्दाचा दाखला देणाऱ्यांना मात्र एक विचारावंसं वाटतं. त्या मनोऱ्याचं काम २०१८ मध्ये थांबलं आणि २०२५ मध्ये सुरू झालं, म्हणजे धीर धरला तर सगळं होतं, असा निष्कर्ष ते काढतात. होतं, जर मागे राजघराण्याची तिजोरी असेल आणि ती जागा शहराच्या कडेची मोकळी जमीन असेल तर. तिथे सात वर्षं कोणी संक्रमण शिबिरात परतीच्या किल्लीची वाट बघत बसलं नव्हतं. आपल्याकडे उंच इमारतींसाठी पालिकेची हाय-राइज समिती आहे. ती माती, वारा, भूकंप, आग, वाहतूक यांचे अहवाल वाचते, आणि त्यावर बसलेले अभियंते आपलं काम जाणतात. त्याच टेबलावर एक लेखापाल बसवा, ज्याने फक्त एवढंच विचारायचं: विक्री निम्म्यावर अडकली तर पुढचे अठरा महिने पंप कोणाच्या पैशांवर चालणार, आणि ते पैसे आज कोणत्या खात्यात आहेत?